महागाई आणि भावाचे ऋण

(शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ५ वा)



नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय वाचीत असता मनाला उभारी येते. यरुशलेमेचा पडका कोट पुन्हा उभा राहत आहे, सनबल्लट व तोबीया बाहेरून थट्टा करीत व धमक्या देत आहेत, आणि लोक रात्रंदिवस पहारा ठेवून दगडावर दगड रचीत आहेत. वाचणाऱ्यास वाटते की आता पुढल्या अध्यायात लढाईच होणार. परंतु पाचवा अध्याय उघडताच जो आक्रोश कानी पडतो तो सनबल्लटाविरुद्ध नाही. तो दाण्यागोट्याविषयी आहे, गहाण पडलेल्या शेतांविषयी आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध आहे ते परके नसून यहूदी भाऊबंदच आहेत.

तीन प्रकारचे लोक त्या दिवशी ओरडत होते. कित्येकांच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ आणि धान्य थोडे होते. ह्यांच्यापाशी गहाण ठेवण्यास जमीनही नसावी असे दिसते. दुसऱ्यांनी दुष्काळात धान्य घेण्यासाठी शेत, द्राक्षमळा व राहते घरसुद्धा गहाण टाकले होते. तिसऱ्यांनी राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढले होते. शेवट सर्वांचा एकच झाला. मुलेबाळे दुसऱ्याच्या दारी राबण्यास गेली, आणि त्यांस सोडवून आणावे तर शेते दुसऱ्याच्या हाती गेलेली. ह्या आक्रोशात पुरुषांबरोबर त्यांच्या बायकाही होत्या, हे शास्त्राने मुद्दाम नोंदविले आहे. ते साहजिक आहे. चुलीपुढे जी बसते तिला भाव आधी कळतो.

राहाता तालुक्याकडे बाहेरचा मनुष्य पाहतो तेव्हा येथे महागाईचे दुःख असेल असे त्यास वाटत नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी, पेरूच्या बागा, उसाचे फड, शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंची रीघ, हे सर्व डोळ्यांत भरते. परंतु आपल्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबे बागेची धनी नव्हत. ती बागेत तोडणीला जाणारी आहेत. बाई खुरपणीला किंवा कांद्याच्या लागणीला जाते, पुरुष गवंड्याच्या हाताखाली अथवा शिर्डीच्या एखाद्या हॉटेलात काम करतो. काम मिळाले तर मजुरी. पाऊस लागला किंवा अंगात ताप आला तर तो दिवस कोरडा.

१ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो धान्य विनामूल्य मिळू लागले, आणि अंत्योदय घरांस ३५ किलो. त्यामुळे १९७२ च्या दुष्काळात जशी भाकरीचीच भ्रांत पडली तशी आज क्वचित पडते. ह्याबद्दल देवाचे उपकार मानावेत. तथापि धान्य फुकट आले म्हणून संसार फुकट चालत नाही. भाकरीबरोबर कालवण लागते, कालवणास तेल लागते, तेल तापविण्यास गॅस लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढले आणि ऐन सणासुदीच्या तोंडावर तेलाची पिशवी चढली. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती गॅसची टाकी एकदम ५० रुपयांनी महागली. जुलै २०२४ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी आपले दर वाढविले. ज्या घरी मुलाचा अभ्यास आणि मुकादमाचा निरोप एकाच फोनवर येतो, त्या घरास तो खर्च चैनीचा म्हणून टाकता येत नाही. ह्यावर दवाखाना व शाळा ही दोन मोठी भोके आहेतच.

वर्तमानपत्रांत महागाईचा आकडा चढला किंवा उतरला असे छापून येते, त्याचा अर्थ उपदेशकांनी नीट समजून घ्यावा, कारण लोक त्यांस विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाण्याच्या वस्तू आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षा सरासरीने १०.८७ टक्के महाग होत्या. पुढे वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एकंदर महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. तेव्हा कित्येकांनी विचारले, "पाळकसाहेब, महागाई गेली म्हणतात, मग ती आमच्या घरून का गेली नाही?" प्रश्न रास्त आहे. दर उतरला म्हणजे पुष्कळदा एवढेच की चढण मंदावली. आधी जितके चढून गेलो तितके खाली आलो असे नव्हे. भाजीपाला त्या वर्षी खरोखर उतरला होता, पण दवाखान्याची फी उतरलेली आपल्यापैकी कोणी पाहिली? आणि महागाईच्या महिन्यात जे कर्ज काढले ते तर कोणत्याच आकड्याबरोबर उतरत नाही.

भाजीपाला उतरला की सर्वांनाच आनंद होतो असेही नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा ज्याच्या शेतात टोमॅटो होता त्याने देवाची स्तुती केली आणि ज्याच्या शेतात नव्हता त्याच्या बायकोने चिंच घालून आमटी केली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीस बंदी झाली. शहरातील ताट स्वस्त राहिले, पण आपल्या जिल्ह्यातल्या कांदेवाल्याचा भाव पडला. एकाच मंडळीत एका बाकावर कांदा विकणारा व दुसऱ्यावर कांदा विकत घेणारा बसलेला असतो. म्हणून भाव उतरावेत अशी सरसकट प्रार्थना उपासनेत करण्यापूर्वी पाळकाने दोन वेळा विचार करावा, असे मला वाटते.

आपल्या तालुक्यासही आक्रोश करणे ठाऊक आहे. पुणतांबे हे गाव राहाता तालुक्यातलेच. तेथील शेतकऱ्यांनी संपाची हाक दिली आणि १ जून २०१७ पासून दूध व भाजीपाला शहरांकडे जाऊ द्यावयाचा नाही असे ठरले. खते, बियाणे, औषधे ह्यांचा खर्च वाढत जातो आणि मालाचा भाव मात्र वाढत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. तो संप राज्यभर पसरला, आणि त्याच महिन्यात शासनाला कर्जमाफी जाहीर करावी लागली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकलेले पीककर्ज माफ करण्याचे ठरले. गाऱ्हाणे उघडपणे व एकजुटीने मांडले असता ऐकले जाते, ह्याचा हा जवळचा दाखला. पण त्यातून एक गोष्ट सुटली. माफी मिळाली ती बँकेच्या व सोसायटीच्या कर्जाला. ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या मजुरास बँकेने पीककर्ज दिलेच नव्हते, मग माफ काय करणार? त्याचे कर्ज किराणावाल्याच्या वहीत, गटाच्या पुस्तकात आणि व्याजाने पैसे देणाऱ्याच्या डोक्यात लिहिलेले होते. ते जसेच्या तसे राहिले.

आता आपण ह्या विषयाच्या मुळाशी येतो. भाव चढल्याने घर ओढगस्तीत येते, परंतु बुडते ते बहुधा ओढगस्तीत काढलेल्या कर्जाने. आपल्याच मुलखाचा इतिहास पाहा. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते; तेथील कापूस येईनासा झाला म्हणून आपल्याकडील कापसाला सोन्याचे मोल आले. भाव चढते आहेत ह्या भरवशावर शेतकऱ्याने कर्ज घेतले व सावकाराने आनंदाने दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला. कर्ज होते तेथेच होते, आणि व्याजाने ते दिवसेंदिवस फुगत होते. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले, आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आले. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देण्यासाठी सरकारने कायदा केला. रोखे जाळावे असे मी सांगत नाही. पण ते लोक भावाने वेडे झाले नव्हते, रोख्यांनी झाले होते, हे ध्यानात घ्यावे.

ह्याच तालुक्यातील लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी सावकारावरचा उपाय सहकारात शोधला. धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या साहाय्याने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तो त्या शोधाचेच फळ. ऊस ज्याचा, भाग त्याचा. ऊस तोडणाऱ्याचा प्रश्न त्यात सुटला नाही. तो आजही मुकादमाकडून उचल घेतो आणि उचल फिटेपर्यंत बायकामुलांसह फडावर राहतो. मुलांची शाळा त्या हंगामापुरती बुडते. नहेम्यापुढे रडणाऱ्या आईबापांनी मुलांच्या दास्याविषयी जे सांगितले, ते वाचताना ही मुले डोळ्यांपुढे यावीत.

आता व्याजाचा हिशेब. गावोगावी दरमहा शेकडा पाचने पैसे मिळतात. बोलताना नुसते पाच टक्के म्हणतात, म्हणून ऐकणाऱ्यास ते बँकेपेक्षा स्वस्त वाटते. दहा हजार घेतले तर महिन्याला पाचशे रुपये नुसते व्याज. वीस महिन्यांत दहा हजार देऊन झाले, आणि मूळ दहा हजार जागच्या जागी. वर्षाचा दर शेकडा साठ झाला. शासनाने २०१४ साली परवानाधारक सावकारांसाठी शेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर जो दर ठरविला तो वर्षाला शेकडा बारा होता. आता पाचव्या अध्यायाचे अकरावे वचन उघडा. नहेम्या सरदारांस सांगतो की शेते व घरे तर परत कराच, पण पैशाचा व धान्याचा जो शंभरावा भाग तुम्ही घेत होता तोही परत करा. पुष्कळ भाष्यकार त्याचा अर्थ दरमहा शेकडा एक असा करतात. ज्या दराला नहेम्या इतका संतापला त्याच्या पाचपट दर आपल्या गावात चालू आहे, आणि तो घेणारा कधी कधी रविवारी पुढच्या बाकावर बसलेला असतो. हे लिहिणे मला सुखाचे नाही, पण लिहिल्यावाचून हा अध्याय पुरा होत नाही.

नहेम्या संतापला खरा. तरी लगेच बोलला नाही. त्याने आधी आपल्या मनाशी विचार केला, मग सरदारांस दोष दिला, आणि मग मोठी सभा बोलाविली. त्या सभेत तो आपणास वेगळा काढीत नाही. मी, माझे भाऊ व माझे चाकर ह्यांनीही लोकांस पैसे व धान्य दिले आहे, असे तो चारचौघांत सांगतो, आणि आता आपण सर्वच हे सोडून देऊ या असे म्हणतो. कोटाचे काम अर्धवट होते, शत्रू दाराशी होता, वेळ अगदी अडचणीची होती. तरी कोट पुरा झाल्यावर पाहू असे तो म्हणाला नाही. आपल्या कित्येक मंडळ्यांत देवळाच्या आवारभिंतीसाठी वर्गणी गोळा होत असते, आणि भिंतीच्या आतली दोनतीन घरे हप्त्यापायी दाराला कुलूप लावून शेतात बसलेली असतात.

हे कुलूपच आजच्या दुःखाचे खरे चिन्ह आहे. नहेम्याच्या काळचे लोक ओरडले. आपले लोक लपवितात. राहाता भागात घरोघर भेटी देताना एका भगिनीने मला सांगितले की, एका गटाचा हप्ता भरण्यासाठी तिने दुसऱ्या गटाचे कर्ज घेतले व दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे, आणि तिसऱ्याची गोष्ट घरधन्यास ठाऊक नाही. घरधन्याने मालकाकडून उचल घेतली होती, ती तिला ठाऊक नव्हती. दोघेही एकमेकांस त्रास होऊ नये म्हणूनच गप्प होती. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण एकाच छपराखाली दोन गुप्त वह्या असल्या म्हणजे तिसरा कोणी त्या दोन्हींवर जगतो. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी स्त्रियांनी महागाईविरुद्ध संयुक्त समिती उभारली आणि गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. सरकारदरबारी लाटणे दाखविण्याचे धैर्य स्त्रियांनी दाखविले आहे. नवऱ्यापुढे वही ठेवण्यास कधी कधी त्याहून अधिक धैर्य लागते, आणि बायकोपुढे ठेवण्यास त्याहूनही.

म्हणून, आठवडे बाजाराच्या आदल्या रात्री, मुलांची जेवणे झाल्यावर, नवराबायकोने दिव्यापाशी बसून सर्व देणी एका कागदावर लिहावीत. कोणाचे किती, महिन्याला व्याज किती, कोणत्या वारी हप्ता. लिहिता येत नसेल तर शाळेतली मुलगी लिहील. तिला कळू नये असे त्यात काही नाही. आधी शेकडा पाचवाल्याचे फेडावे, जरी गटवाला अधिक ओरडत असला तरी हप्ता चुकवू नये इतके सांभाळून. नवे कर्ज जुन्याच्या हप्त्यासाठी काढू नये. आणि कागद झाल्यावर प्रार्थना करावी. आधी प्रार्थना करून कागद पुढे ढकलू नये.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापाशी सोने नाही, पण तुम्हांस लिहिता येते व कचेरीत बोलता येते. काही गोष्टी ठाऊक असू द्या. विना परवाना व्याजाचा धंदा करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, आणि अशा सावकाराने बळकाविलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. लहान कर्जे देणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घातले: कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, ह्या कर्जासाठी तारण मागू नये, आणि वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर तगादा लावू नये. रात्री आठ वाजता दारात बसून बाईमाणसास अपशब्द बोलणाऱ्यास हा नियम शांतपणे सांगावा. तो त्यास ठाऊक असतोच. आणि शस्त्रक्रियेसाठी कोणी कर्ज काढावयास निघाला तर आधी त्याची शिधापत्रिका घेऊन महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात चौकशी करावी. यादीतील उपचारांस कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची सोय तेथे आहे.

लग्नांविषयी थोडे. मंडप, बेंजो, गावजेवण व पाहुण्यांचे आहेर ह्यांत एका दिवसात जे जाते ते फेडण्यास दोन हंगाम लागतात, हे सर्वांस ठाऊक आहे व सर्वांस ऐकून कंटाळाही आला आहे. गरिबास काटकसरीचा उपदेश करणे सोपे आहे. पण गरिबाने साधे लग्न केले तर त्यास गरिबाचे लग्न म्हणतात, आणि त्याच भीतीने तो कर्ज काढतो. साधेपणाचा आरंभ मंडळीतल्या खाऊनपिऊन सुखी घराने केला पाहिजे. नहेम्याने बारा वर्षे सुभेदाराचा हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझे जड होते. आणि तरी त्याच्या पंक्तीला रोज दीडशे माणसे जेवत. तो कृपण नव्हता. त्याने आपला मान सोडला, पाहुण्यांचे ताट सोडले नाही.

दानार्पणाविषयीही सांगणे प्राप्त आहे. काही कुटुंबे चार चार रविवार उपासनेस येत नाहीत आणि पंच त्यांच्या नावापुढे थंड असे लिहितात. ती थंड नाहीत. थैली फिरते तेव्हा हात रिकामा असतो, आणि सणाच्या वर्गणीची नावे रकमेसह मोठ्याने वाचली जातात, हे त्यांस सोसत नाही. ही वाचण्याची रीत बंद करावी. विधवेच्या दोन टोल्या प्रभूने पाहिल्या, त्या कोणी ओरडून सांगितल्या नव्हत्या. ज्या मंडळ्यांत मुठीच्या धान्याची चाल अजून आहे तेथे त्या धान्याचा लिलाव करून इमारतीच्या फंडात घालण्याऐवजी ते ज्या घरी लागेल त्या घरी अंधार पडल्यावर पोहोचते करावे, आणि वहीत नाव न लिहिता केवळ किलो लिहावे.

शेवटी पंचांविषयी. प्रभुभोजनाच्या आधीच्या पंचसभेत एक प्रश्न विचारला जावा: आपल्यापैकी कोणी मंडळीतल्या कुटुंबास व्याजाने पैसे दिले आहेत काय? दिले असतील तर आजवर व्याजापोटी किती आले, ते मुद्दलातून वजा करावे, आणि मुद्दल फिटले असेल तर कागद परत करावा. नहेम्याने सरदारांस दोष दिला तेव्हा ते गप्प झाले, कारण त्यांच्यापाशी उत्तर नव्हते; आणि त्याने त्यांस मुदत दिली नाही, आजच्या आज परत करा असे सांगितले. मग त्याने याजकांस बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली, आपल्या वस्त्राचा पदर झटकला, आणि सगळी सभा आमेन म्हणाली. ही पंचसभा उन्हाळ्यातच व्हावी. जूनमध्ये शाळा उघडतात, वह्यापुस्तके घ्यावी लागतात, पेरणी होईपर्यंत मजुरी मिळत नाही, आणि वर्षाचे पहिले कर्ज त्याच तीन आठवड्यांत निघते.